गोठ, गोठा आणि माझी सही

नाही, पण मला एक सांगा, माणसाने दिवसभरात काय काय केलं हे टक्क्यांत कसं सांगायचं हो? सकाळी उठलात, दात घासले, चहा घेतला, बायकोशी वाद घातला… किती टक्के दात आणि किती टक्के बायको? आणि बेरीज शंभर आली पाहिजे! नव्याण्णव चालत नाही, एकशेएक तर अजिबातच नाही, कॉम्प्युटर लाल होतो! आणि हे सगळं भरून झालं की खाली एक ओळ, आणि त्या ओळीखाली सही कोणाची? माझी! 'मी प्रमाणित करतो की या कर्मचाऱ्याच्या कामाची मला प्रत्यक्ष माहिती आहे.' प्रत्यक्ष! म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली! तुम्हाला सांगतो, या एका ओळीने माझी जी शोभा झाली ना, तशी लग्नाच्या वरातीतसुद्धा झाली नव्हती, आणि तिथे मी घोड्यावरून पडलो होतो.

थांबा, आधी मी कोण ते सांगतो. मी हेमकांत पाटील. शहादा तालुक्यात, म्हसावदच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. सव्वीस वर्षं झाली. आता आमच्याकडे घराघरांत बोलतात अहिराणी, आणि शाळेत चालते पुस्तकातली मराठी. पहिलीच्या वर्गात बाई येतात आणि गोड आवाजात म्हणतात, "बाळांनो, खाली बसा." पोरं इकडेतिकडे बघतात… बाळ कोणी आणलंय बुवा शाळेत? कोणी बसत नाही. मग बाहेरून आमचा शिपाई लोटन ओरडतो, "बठा रे!" की धप्पकन सगळी खाली! म्हणजे बघा, बी.एड. केलेल्या बाईंचं पोरांना कळत नाही आणि लोटनचं कळतं. असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि आम्ही काय म्हणायचो? पोरं मठ्ठ आहेत! आम्ही म्हणायचो, मी म्हणायचो, खोटं कशाला बोलू.

तर पुण्याच्या एका संस्थेने आम्हाला अनुदान दिलं. उपकार आहेत त्यांचे, मी आधीच सांगून ठेवतो, नंतर कितीही कुरकुर केली तरी उपकार आहेत. त्या अनुदानातून एक पद मिळालं. 'बोलीताई'. गावातलीच कोणीतरी बाई, जिने पहिली-दुसरीच्या पोरांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचं, गोष्टी सांगायच्या, आणि हळूहळू त्यांना मराठीच्या काठाला आणून सोडायचं. आम्ही घेतलं दगूबाईंना. वय पासष्ट, शिक्षण चौथी, गावात सगळे दगूमाय म्हणतात. अर्ध्या गावाला लहानपणी हिनेच खेळवलेलं, त्यात मीही आलो. शाळेच्या फाटकाबाहेर मी हेमू, आणि फाटकाच्या आत पाऊल पडलं की "सर". तेवढी शिस्त त्यांची पक्की.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात तक्ता दिला. वेळ व श्रम यांचा तक्ता. दगूमायने तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"सर, हाई काय शे?"

मी म्हटलं, "दगूमाय, दिवसभरात तुम्ही जे काम कराल ते यात लिहायचं."

"मी कोठे काम करस? मी ते गोठ सांगस."

"मग तेच लिहायचं! आणि किती वेळ ते. टक्के मग आम्ही काढू."

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण इथून आहे. अहिराणीत गोष्टीला म्हणतात गोठ. गोठ सांगी, गोठ आयकी. आम्हाला त्यात काही वाटत नाही, आम्ही गोठीतच वाढलो. तर दगूमाय मान खाली घालून, जीभ दाताखाली धरून, रोज लिहायला लागल्या. 'सकायले गोठ, १ तास.' 'काजलनं नाक पुसं. मंग गोठ.' 'लबाड कोल्हानी गोठ, दोन येय.' 'वाघनी गोठ. अर्धी ऱ्हायनी.' अगदी प्रामाणिक! एके दिवशी तर चक्क लिहिलंय, 'आज शायमा गयी नई, घर पाव्हणा उनथात.' म्हणजे शाळेत गेले नाही, घरी पाहुणे आले होते! कोण लिहितं हो असं? नोकरीत राहून कोण लिहितं?

आणि मी? मी काय केलं? सहा महिने तो गठ्ठा कपाटात ठेवला. मग पुण्याहून आठवण आली, तेव्हा एका दुपारी लोटनला चहा आणायला लावला, खारी आणायला लावली, आणि धडाधड सह्या! एका हातात खारी, एका हातात पेन. पाव्हणा आलेल्या दिवशीही सही. रविवारी सही. सप्टेंबरला तक्त्यात एकतिसावा रकाना छापलेला होता, तो रिकामा बरा दिसेना म्हणून मी आपला 'पूर्ण वेळ' असं लिहून टाकलं. एकतीस सप्टेंबर! आणि प्रत्येक पानाखाली, मी प्रमाणित करतो की मला प्रत्यक्ष माहिती आहे!

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आणि काय पत्र हो! पाठ आहे माझं. 'महोदय, प्राप्त तक्त्यांवरून असे दिसते की आपल्या शाळेतील बोलीताई दररोज सरासरी साडेतीन तास गोठ्यात असतात.' गोठ्यात! 'पशुपालन हे अनुदानाच्या उद्दिष्टांत बसत नाही.' मी म्हटलं, मेलो. पुढे वाचतो तर, 'तसेच गोठ्यात कोल्हा दोन वेळा आल्याची नोंद आहे.' पुढे, 'त्याच महिन्यात गोठ्यात वाघ येऊन गोठा अर्धाच राहिल्याचे नमूद असून, त्याबाबत पंचनाम्याची प्रत जोडावी.' पंचनाम्याची प्रत! आता तुम्ही म्हणाल, पुण्याच्या माणसाला काही कळत नाही का? पण त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडे उसात बिबट्या निघतोच की अधूनमधून. त्या बिचाऱ्याला काळजी वाटली. त्याने विचारलंय, 'लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय उपाययोजना केली?'

आणि शेवटी, अगदी थंडपणे, 'सप्टेंबर महिन्यास आपल्या शाळेत एकतिसावा दिवस असतो काय?'

हसताय? हसा. मीही पहिल्यांदा हसलो. मग खालची ओळ वाचली. 'समाधानकारक खुलासा न झाल्यास सदर पद जूनपासून चालू ठेवता येणार नाही.'

मग नाही हसलो. कारण तोवर पोरं "बसा" म्हटलं की बसायला लागली होती ना! वर्गातून आवाज यायला लागला होता. आणि ज्या बाईमुळे आला, तिची नोकरी माझ्या खारीत बुडून चालली होती.

फोन लावला. म्हटलं, "साहेब, गोठ म्हणजे गोठा नाही हो, गोठ म्हणजे गोष्ट!" तिकडून अगदी शांत आवाज, "असं होय. म्हणजे त्या गोष्टी सांगतात?" "हो हो!" "तुम्ही प्रत्यक्ष ऐकल्यात?" आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "म्हणजे… ऐकल्यात म्हणजे… वर्गावरून जाता-येता…" तर म्हणतो, "किती टक्के जाता, किती टक्के येता?" बोला! मग तोच म्हणाला, "फोनवर नको, आमच्या मॅडम येऊन पाहतील. तोवर लेखी द्या." दिलं की! तीन प्रतींत, शिक्का मारून, 'आमच्या शाळेला गोठा नाही, यापूर्वी नव्हता, यापुढेही असणार नाही.' खाली सही. आणि सवयीने हात चालू राहिला तो राहिलाच… मला प्रत्यक्ष माहिती आहे!

मॅडम आल्या मार्चमध्ये. फाल्गुनी मॅडम. वय असेल अठ्ठावीस-तीस, पाठीला बॅग, हातात आमची फाईल. मी सकाळपासून टेबलावर नवीन कापड टाकून, पेढे मागवून बसलेलो. आणि एक गोष्ट, छोटीशीच, माझ्या डोक्यातून साफ गेलेली. आदल्या आठवड्यात वाऱ्याने पहिलीच्या वर्गाचे पत्रे उचकटले होते, ते बदलायचं काम चालू होतं. त्यामुळे दगूमायने पोरांना कुठे हलवलं होतं? शेजारच्या हिलालअण्णांकडे. तिथे सावली आहे, जागा ऐसपैस आहे. हिलालअण्णांकडे कुठे? आता मी कोणत्या तोंडाने सांगू…

फाटकात मॅडमनी लोटनला विचारलं, "दगूबाई कुठे भेटतील?"

आणि आमचा लोटन, सरळ माणूस, टाचा जुळवून सलाम ठोकून म्हणतो, "गोठामा शेत ना, मॅडम! आते तं रोज तठेच ऱ्हातस!"

मी ऑफिसच्या दारात. हातात पेढ्यांचा पुडा. तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांच्या नोकरीत जमीन दुभंगावी असं मला एकदाच वाटलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग फाईल उघडली. माझं ते पत्र काढलं, शिक्क्याचं. 'यापुढेही असणार नाही' यावर बोट ठेवलं. म्हणाल्या फक्त, "चला."

चला तर चला. पुढे लोटन, मागे मॅडम, त्यांच्या मागे मी आणि पेढे. हिलालअण्णांचा गोठा. चार म्हशी, एक रेडकू, आणि शेणाने सारवलेल्या स्वच्छ जमिनीवर गोणपाटं अंथरून बावीस पोरं, मधे दगूमाय. आणि काय चाललं होतं? वाघनी गोठ! तीच, अर्धी राहिलेली!

"वाघ बोलना, बकरीबाई, आते मी तुले खासू!"

बावीस पोरं एकदम, "हंऽ!"

"बकरी बोलनी, खाय ना भाऊ, पन पयले मन्ही गोठ आयक!"

"हंऽ!"

हा 'हं' तुम्हाला माहीत असेल. हुंकार. आमच्याकडे गोठ सांगायची तर ऐकणाऱ्याने हुंकार द्यावाच लागतो. प्रत्येक वाक्याला. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, कारण समोरचा एकतर झोपला किंवा त्याला कळलेलं नाही. दगूमायने आम्हाला पाहिलं, पण उठल्या नाहीत. म्हणाल्या, "या मॅडम, बठा. पन बठसात तं हुंकार देना पडी."

आणि मॅडम बसल्या! गोणपाटावर, फाईल मांडीवर, मागे म्हशीचा श्वास. पुढच्या वाक्याला त्या म्हणाल्या, "हो." पोरं खो खो हसली. आणि एक चिमुरडी उठली, मॅडमच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली, "हो नई, मॅडम. हंऽ! तोंड बंद करीसन!" मॅडमनी तोंड बंद करून केलं, "हंऽ." "हां, आते बरोबर," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

ही काजल. तक्त्यातलं नाक पुसलेली काजल, तीच. आणि तिला असं बोलताना मी… मी दाराला धरून उभा राहिलो. का ते सांगतो. ही पोर जूनमध्ये शाळेत आली ती तोंड शिवून. हजेरीला नाव घ्यावं तर गप्प. भूक लागली का, गप्प. लागलं का, गप्प. आमच्या बाई म्हणाल्या, हिला ऐकू येत नसावं. आणि मी, मोठा जाणकार, मी वडिलांना चिठ्ठी लिहून दिली, शहाद्याला नेऊन कान तपासून घ्या. कानाला काय झालं होतं हो? काही नाही! तिला फक्त आमची भाषा येत नव्हती आणि आम्ही तिची बोलत नव्हतो.

गोठ संपली. बकरी सुटली, वाघ फसला. मॅडम फाईल चाळत होत्या, एका पानावर थांबल्या. "सर, या दिवशी फक्त एक मिनिटाची नोंद आहे. ही काय आहे?"

मी पान हातात घेतलं. सप्टेंबरचं पान. दगूमायचं वेडंवाकडं अक्षर. 'आज काजल हं बोलनी. १ मिनिट.'

आणि त्याच्या खाली माझी सही.

तुम्हाला सांगतो, मी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. पोर शाळेत आयुष्यातलं पहिलं काहीतरी बोलली, एका बाईला ते एवढं मोलाचं वाटलं की तिने तक्त्यात मांडून ठेवलं, आणि मुख्याध्यापकाने त्यावर सही केली, खारी बुडवत. प्रत्यक्ष माहिती आहे म्हणून! काय माहिती होती मला? लाज वाटली हो. आणि लाजेच्या मागोमाग असं काही भरून आलं की मला डोळे पुसायला काही सापडेना, मी पेढ्यांच्या पुड्याचा कागद लावला.

म्हटलं, "मॅडम, हे सगळं खरं आहे. खोटा मी आहे. सह्या मी न बघता केल्या. तिने पाव्हणा आला तेही लिहिलं, आणि मी सप्टेंबरला एक दिवस वाढवला. माझ्यावर काय ते लिहा, पण दगूमायचं पद काढू नका."

दगूमाय मधेच, "सर, रडू नका, पोरे देखी ऱ्हायनात."

मॅडमनी त्यांना विचारलं, "तुम्ही श्रम कसे मोजता, दगूबाई?" दगूमायला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, "काम झालं की नाही ते कसं ओळखता?" तर हसून म्हणाल्या, "हुंकारवरथीन! पयले दोन पोरे हुंकार देयेत, मंग पाच, आते बावीसना बावीस." मॅडम ते लिहून घ्यायला लागल्या. शब्दन् शब्द. म्हणाल्या, "सर, आम्हाला तीन वर्षं असं माप सापडत नव्हतं." अन् फाईल मिटली.

पद राहिलं! जूनपासून पुढे दोन वर्षं! पुण्याचे उपकार, त्या मॅडमचे उपकार, हिलालअण्णांच्या म्हशींचेसुद्धा उपकार, मी त्या दिवशी प्रत्येक म्हशीला एकेक पेढा दिला. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मला कधी आणला नाही पेढा." असो.

पण थांबा. सुटलो असं वाटलं ना? मलाही वाटलं. फाटकातून निघताना मॅडम वळल्या आणि म्हणाल्या, "सर, एक अट आहे. यापुढे सही करायची तर रोज अर्धा तास वर्गात बसायचं." मी म्हटलं, आनंदाने! "आणि तो अर्धा तास तुम्ही अनुदानाच्या कामावर असाल, म्हणजे तुमचाही तक्ता लागेल." बरं, भरतो. "आणि त्याच्याखाली प्रमाणित कोण करेल? तुमच्या कामाची ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी करायला हवं." मी म्हटलं, अशी कोण आहे? मॅडमनी फक्त दगूमायकडे बघितलं.

झालं! पत्रे बसले तेव्हापासून मी रोज जेवणानंतर पहिलीच्या वर्गात गोणपाटावर बसतो. खरं सांगू? दिवसातला तोच अर्धा तास चांगला जातो. कामाचे कागद नाहीत, फोन नाही, लहानपणी ऐकलेल्या गोठी पुन्हा ऐकतो, आणि बावीस पोरांच्या बरोबरीने हुंकार देतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? फक्त वारा बरा येतो, पोट भरलेलं असतं, आणि दगूमायचा आवाज असा मऊ आहे ना…

महिनाअखेरीला माझा तक्ता भरून आला. दगूमायने स्वतः भरलेला. मी बघतो तर रोजच्या ओळीत, 'गोठ आयकी, २० मिनिट. झोप, १० मिनिट.' टक्केवारी लोटनने काढून दिलेली! सदुसष्ट टक्के गोठ, तेहतीस टक्के झोप! मी वर्गातच धावत गेलो. म्हटलं, "दगूमाय, हे झोपेचं काढा ना, पुण्याला जातं हो ते!"

तर म्हणतात, "कशी काढू, सर? तुम्हीन वाघ येताच झोपी जातस. हुंकार बंद, घोरणं चालू." आणि पोरांकडे वळून, "देखं ना रे तुम्हीन?"

बावीसच्या बावीस, एका दमात, "हंऽ!" त्यात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? काजलचा!

केली सही. काय करणार? आता झोपेसाठी कुठलं अनुदान मिळतं का, तेवढं शोधतोय.